दोन शिक्षक, चार इयत्ता आणि एक मूल

पारशिवनी तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. दक्षिणेला कन्हान, कांद्री, टेकाडी हा कोळसा खाणींचा पट्टा. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या वसाहती, महामार्ग, रेल्वे, हिंदी-मराठीची सरमिसळ झालेली बोली आणि एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या असलेल्या शाळा. उत्तरेला पेंच नदीवरचं नवेगाव खैरीचं धरण, त्याच्या वर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि जंगलाच्या कडेनं कोलितमाऱ्यासारखी गावं, जिथं पहिली ते चौथीची पोरं एक-दोन खोल्यांत बसतात. मध्ये पारशिवनी: तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय. नागपूर शहर ज्या पाण्यावर जगतं त्यातलं बरंचसं या तालुक्यातून जातं. उलट दिशेनं, इथल्या माणसांना कानाची तपासणी करायची असो की हृदयाची, नागपूरच गाठावं लागतं.

डाउन सिंड्रोम असलेलं मूल या तालुक्यात सहा वर्षांचं झालं की त्याचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. जगभरात साधारण आठशे ते हजार जन्मांमागे एक मूल डाउन सिंड्रोम घेऊन येतं. हे प्रमाण धरलं तर सुमारे दीड लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला एक-दोन, म्हणजे शाळेच्या वयाची दहा-पंधरा मुलं कुठल्याही वेळी असणार, असा हिशोब निघतो. संख्या फार मोठी नाही. शाळा मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यामुळेच एखाद्या शिक्षकाच्या उभ्या नोकरीत असं मूल एकदाच वर्गात येतं. शिक्षक नवखा, मूल नवं, आईबाप धास्तावलेले. जे काही चुकतं ते बहुतेक या पहिल्या भेटीत चुकतं.

कायद्यापुरतं सगळं स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळेचा हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित गटात आली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यानं चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तोही जवळच्या साध्या शाळेत किंवा पालकांना हवं तर विशेष शाळेत. प्रवेश नाकारता येत नाही.

आणि तोंडावर कुणी नाकारतही नाही. जे होतं ते वेगळंच. 'थोडं मोठं होऊ द्या.' 'बोलायला लागलं की आणा.' 'नागपूरला यांच्यासाठी वेगळी शाळा असते म्हणे, तिथं पाहा ना.' 'तपासणीला साहेब येणार आहेत, उद्याचा दिवस घरी राहू द्या.' हे बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना खरोखरच वाटतं की आपण मुलाची काळजी घेतो आहोत. पण अशा दहा वाक्यांनंतर मुलाचं नाव हजेरीपटावर राहतं आणि मूल ओट्यावर. बापाला शेतावर किंवा खाणीच्या पाळीवर जायचं असतं, आई दोन वेळा भांडून थकते, आजी म्हणते, 'तो शाळेत जाऊन काय करन, राहू दे माह्यापाशी.' २०१२ च्याच दुरुस्तीत अतितीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी घरी शिकण्याचा पर्याय ठेवला आहे. तो अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी आहे. गावभर हिंडणाऱ्या, बकऱ्यांमागे धावणाऱ्या मुलाला तो लावणं मला अन्यायाचं वाटतं.

या मुलाची गोष्ट शाळेच्या सहा वर्षं आधी सुरू होते. जन्मतः अंग सैल, डोळे किंचित तिरपे, नाकाचा पूल बसका, तळहातावर कधीकधी आडवी एकच रेघ, दूध ओढताना दमणं. जाणत्या नर्सला शंका येते. खात्री होते ती गुणसूत्रांच्या तपासणीनं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. या मुलांत एकविसाव्या क्रमांकाची दोन ऐवजी तीन असतात. लंडनचे डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या लक्षणांचं वर्णन केलं होतं, पण कारण कळायला १९५९ उजाडावं लागलं, जेव्हा पॅरिसमध्ये जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जादा गुणसूत्र दाखवून दिलं. सुमारे पंचाण्णव टक्के मुलांत ही घटना पेशीविभाजनाच्या वेळी आपोआप घडलेली असते. आईनं ग्रहणात विळी धरली म्हणून नाही, काही खाल्लं म्हणून नाही, कुणाचा शाप लागला म्हणून नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणं कमी वयात होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोमची पुष्कळ मुलं तरुण आयांच्याच पोटी येतात. ग्रहणाचा दोष अजूनही आईच्या माथी मारला जातो आणि त्याचा परिणाम थेट शाळेवर होतो: जिला घरातच गुन्हेगार ठरवलं ती बाई मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांपुढे ताठ उभी राहणार कशी?

या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयविकार असतो. तो वेळेत दुरुस्त झाला तर मूल वाढतं, नाहीतर कधीकधी शाळेचं वयच गाठत नाही. सोय आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या तीस विकारांची तपासणी होते त्यांच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये डाउन सिंड्रोमचं नाव अगदी वरच आहे. या कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. पुढची तपासणी, उपचारपद्धती आणि शस्त्रक्रियेची वाट जिल्ह्याच्या केंद्रातून जाते. पूर्व विदर्भात सिकलसेलची तपासणी गावोगाव पोचली, आशाताईला त्या आजाराचं नाव तोंडपाठ झालं, कार्ड कुठल्या रंगाचं ते बायका एकमेकींना सांगतात. हे ज्या आरोग्य यंत्रणेला जमलं तिला जादा गुणसूत्राची गोष्ट घराघरात नीट समजावून सांगणं जमणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

तिसऱ्या वर्षी अंगणवाडी. इथं मराठी माणसाला आपलाच इतिहास आठवायला हवा. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. समावेशनाच्या नावाखाली आज जे प्रशिक्षण दिलं जातं त्याचा गाभा मला बोर्डीच्या त्या अंगणात दिसतो: मूल शाळेत बसत नसेल तर शाळेची मांडणी तपासा.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. ओळखणं, सामावून घेणं, पुढे पाठवणं, असा तिचा साधा क्रम आहे. अंगणवाडीतली तीन वर्षं या मुलासाठी सोन्याची असतात. चटईवर बसणं, पाळी येईपर्यंत थांबणं, हात धुणं, ताटलीतलं आपलं आपण खाणं, लघवीला जायचं आहे हे सांगणं. हे इथं झालं तर पहिलीचा शिक्षक निम्मा निर्धास्त होतो.

शाळेत जाण्यापूर्वी मुंबईला जरा वळसा घालतो, कारण आपल्या राज्यातली ही वाट एका घरातून निघाली आहे. डॉ. होरमसजी वकील आणि जय वकील या पारशी जोडप्याच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरात शाळा काढली. शिवडीची आजची जय वकील संस्था ती हीच. पुढे पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू केली. गावोगावच्या पालकांनी आणि सेवाभावी माणसांनी अशा शाळा उभ्या केल्या. या शाळांना नावं ठेवणं सोपं आहे, वेगळं बसवलं म्हणून. पण जेव्हा सगळ्यांनी दार लावलं होतं तेव्हा यांनी ते उघडलं, हे विसरून चालणार नाही. त्यांनी जमवलेलं ज्ञान आज मोलाचं आहे. जय वकील संस्थेनं बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी 'दिशा' हा अभ्यासक्रम तयार केला, आणि शासनानं तो राज्यातल्या साडेचारशेहून अधिक विशेष शाळांसाठी स्वीकारला.

आणखी एक नाव सांगतो, कारण त्याचा नागपूरशीही संबंध आहे. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन तरुणी निंबकरांच्या घरात सून म्हणून आली आणि कमला निंबकर झाली. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएममध्ये व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झालं. सैल बोटांत पेन्सिल कशी टिकवायची, पाठीचा कणा सरळ राहील असं बाक कसं हवं, बटण लावायला कसं शिकवायचं, हे सारं व्यवसायोपचाराचं काम. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला उभ्या केलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेला कमला निंबकरांचंच नाव आहे, आणि मराठी वाचन शिकवण्याचा बर्नसनबाईंनी घालून दिलेला मार्ग पुढे आपल्या मुलाच्या कामाला येणार आहे.

आता वर्ग. माझ्या मते खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही इथंच आहेत, म्हणून इथं थोडं रेंगाळतो.

डाउन सिंड्रोम असलेलं मूल जितकं बोलतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजतं. हे एक वाक्य प्रत्येक शिक्षकखोलीत लिहून ठेवावं असं मला वाटतं. जीभ, ओठ, गाल यांचे स्नायू सैल असतात, त्यात कानात वारंवार पाणी साचून ऐकू कमी येतं, त्यामुळे उच्चार अडखळतात. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता कमी असते, पाहिलेलं मात्र चांगलं टिकतं. 'वही काढ, पान बारा उघड, तारीख घाल आणि फळ्यावरचं उतरव' ही एका दमातली सूचना त्याच्यापर्यंत 'वही काढ' एवढीच पोचते. मग तो वही काढून बसून राहतो आणि शिक्षकाला वाटतं, हट्टी आहे. एकेक सूचना द्या, हातानं दाखवा, शेजारचा मुलगा काय करतो ते पाहू द्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येतं, उशिरा येतं. बहुतेक वेळा ते यायच्या आतच आपण दुसऱ्या मुलाकडे वळलेलो असतो.

१९८० मध्ये लेस्ली डफेन नावाच्या इंग्रज बापानं पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एक पत्र लिहिलं. त्यांची मुलगी सारा हिला डाउन सिंड्रोम होता, आणि तिला त्यांनी तीन वर्षांची असल्यापासून शब्दांच्या चिठ्ठ्यांवरून वाचायला शिकवलं होतं. वाचनामुळे ती बोलायला लागली, असं त्यांचं निरीक्षण होतं. आधी बोलणं आणि मग वाचन हा सगळ्यांनी गृहीत धरलेला क्रम त्या घरात उलटा झाला होता. बकली यांनी पुढची कितीतरी वर्षं या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. डोळ्यांनी पाहिलेला शब्द या मुलांच्या मनात टिकतो आणि तोच पुढे जिभेवर येतो, हे आज पुष्कळ ठिकाणी मानलं जातं. म्हणजे 'बोलायला लागलं की शाळेत आणा' या सल्ल्यानं मुलाचं दुहेरी नुकसान होतं.

मराठीत हे करणं अवघड नाही. आपल्या लिपीत जसं लिहितो तसं बोलतो, ही मोठीच सोय. अडचण येते ती अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे बसणाऱ्या मात्रांची आणि जोडाक्षरांची. म्हणून सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी अशी चढण एकदम चढायला लावायची नाही. आधी मुलाच्या घरातले शब्द चित्रासह कार्डावर: आई, बाबा, ताट, बैल, त्याचं स्वतःचं नाव. मग थोडी अक्षरं, त्यांच्यातून लगेच अर्थ असलेले शब्द. फलटणच्या पद्धतीचं सूत्र हेच आहे, आणि ते सगळ्याच मुलांना मानवतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली पन्नास कार्डं, हा एवढाच खर्च.

घरची भाषा कुठली हा प्रश्न पारशिवनीत येणारच. जंगलाकडच्या काही घरांत गोंडी, कन्हानच्या वसाहतीत हिंदी, बाकी सगळीकडे आपली नागपुरी बोली, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. पालकांना हमखास सांगितलं जातं की मुलाशी एकच भाषा बोला, गोंधळेल. डाउन सिंड्रोमच्या द्विभाषिक मुलांचा ज्यांनी अभ्यास केला त्यांना दोन भाषांमुळे नुकसान झालेलं आढळलं नाही. आजीची गोंडी तोडायची गरज नाही. तिच्याशी बोलायचं नाही तर त्यानं कुणाशी बोलायचं?

गणित मात्र कठीण जातं, वाचनापेक्षा बरंच. अमूर्त संख्या हाती लागत नाहीत. चिंचोके, काड्या, मणी, नोटा आणि नाणी यांनीच जावं लागतं, आणि चौथीत असताना तो पहिलीचं गणित करत असेल तर ते लाजिरवाणं नाही. त्याच्यापुरती उद्दिष्टं वेगळी लिहून ठेवायची, कागदावर, तारखेसह, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला पाटी कोरी मिळणार नाही. बदल्यांच्या या काळात हा एक कागद मुलाला फार मोठा आधार आहे.

काही गोष्टी आरोग्याच्या. पुष्कळ मुलांना चष्मा लागतो, बऱ्याच जणांची जवळची नजरही कच्ची असते. पुढे बसवणं हा शिस्तीचा भाग नाही, उपचाराचा आहे. थायरॉईड बिघडला तर मूल सुस्तावतं आणि त्याला आळशी म्हटलं जातं. मानेचे वरचे मणके काहींमध्ये सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी करून घ्यायची नाही, हे खेळाच्या तासाला शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. लंगडी, विषामृत, लगोरी याला काहीच हरकत नाही.

'ही मुलं फार प्रेमळ असतात, नेहमी आनंदी असतात' असं कौतुकानं म्हटलं जातं. त्यानंही घोटाळा होतो. मग त्याचा राग कुणाला दिसत नाही, त्याला आलेला कंटाळा दिसत नाही, आणि स्नेहसंमेलनात नाचायला उभं केलं की शाळेनं आपलं काम केलं असं वाटू लागतं. त्याला परिपाठात सुविचार वाचायचा आहे, हजेरी घ्यायची आहे, खिचडी वाढायची पाळी आली की वाढायची आहे. आपल्या भागात तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन गावातली सगळी पोरं निघतात, आणि त्यात या मुलाच्या हातातल्या बैलाची दोरी काढून घेतलेली कुठं पाहण्यात नाही. गावाला जे आपसूक येतं ते शाळेच्या चार भिंतींत आल्यावर का अडतं?

मला वाटतं, ते शाळेच्या आकारावर आणि घड्याळावर अवलंबून आहे. आपण समावेशनाचा विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर शहरातली मोठी शाळा येते: रॅम्प, संसाधन कक्ष, समुपदेशक. ते सगळं हवंच. पण उत्तरेच्या गावांतल्या दोनशिक्षकी शाळेकडे नीट पाहा. चार इयत्ता एकत्र बसतात. कुणी पहिलीचं वाचतो, कुणी तिसरीचे गुणाकार करतो, एकाच वेळी एकाच खोलीत वेगवेगळ्या पातळ्यांवर काम चाललेलं असतं. शिक्षकाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. मोठी मुलं लहानांना शिकवतात, ही तिथली रोजची रीत. त्या खोलीत एखादं मूल आठव्या वर्षी पहिलीचं पुस्तक वाचत असेल तर ते उठून दिसत नाही. शिक्षक त्याच्या आईला ओळखतो, आजीला ओळखतो. ज्या वर्गरचनेला आपण वर्षानुवर्षं गरिबीची खूण समजत आलो ती या मुलासाठी उत्तम वर्गरचना आहे. कन्हानच्या पन्नास पटाच्या तुकडीत, जिथं सगळ्यांना एकाच पानावर असावं लागतं, तिथं त्याचे खरे हाल आहेत.

म्हणूनच कमी पटाच्या शाळांचं पुढे काय होणार, हा माझ्यासाठी दिव्यांग मुलांचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवली. राज्यात अशा सुमारे पंधरा हजार शाळा निघाल्या. दहा मैलांवरच्या मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, क्रीडांगण असेल, आणि धडधाकट मूल बसनं तिथं जाईलही. डाउन सिंड्रोमचं सहा वर्षांचं मूल, ज्याला शौचाला जायचं आहे हे अजून नीट सांगता येत नाही, ते त्या बसमध्ये चढणार नाही. गावातली शाळा गेली तर सर्वांत आधी त्याची शाळा सुटेल. निर्णयाच्या टिपणीत हा मुद्दा कुणी मांडला पाहिजे.

छोट्या शाळेची मोठी उणीव एकच: तज्ज्ञ माणूस. समग्र शिक्षा अभियानात गटसाधन केंद्राला जोडलेले विशेष शिक्षक असतात. एकेकाकडे कितीतरी गावं, सर्व प्रकारचं दिव्यांगत्व, शिबिरं, प्रमाणपत्रं, ऑनलाइन माहिती भरणं. वर्षानुवर्षं त्यांची नोकरी कंत्राटीच होती. ते शाळेत येतात, मुलाला बाजूला घेऊन तासभर शिकवतात, निघून जातात. तो तास मुलाला उपयोगाचा, पण त्याहून उपयोगाचा ठरेल तो वर्गशिक्षकाबरोबर घालवलेला तास: सोमवारपासून काय करायचं, कार्डं कशी करायची, महिन्याअखेर काय पाहायचं. सर्वोच्च न्यायालयानं रजनीशकुमार पांडे खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण घालून दिलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं राज्यांना ही पदं मंजूर करून भरण्याचे आदेश पुन्हा दिले. पारशिवनीसारख्या तालुक्यात, जिथं मुलं विखुरलेली आहेत, केवळ प्रमाणानं भागणार नाही. प्रवासाचे तासही मोजावे लागतील.

आणि खाती. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, तपासणी पथक आरोग्याकडे, जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षणाकडे, विशेष शाळा डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. चार खात्यांच्या चार नोंदवह्यांत एकाच मुलाचं नाव चार वेळा लिहिलं जातं. अंगणवाडीतली नोंद पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोचत नाही, हृदयाच्या शस्त्रक्रियेचा कागद शाळेला माहीत नसतो, आणि विशेष शाळांसाठी तयार झालेला 'दिशा'सारखा मराठीतला उपयोगी साठा दोनशिक्षकी शाळेच्या शिक्षकाच्या हाती आपोआप येत नाही. हे जोडायला नवा कायदा नको. पंचायत समितीत दर जूनमध्ये बालविकास प्रकल्प अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी एका टेबलाशी बसून ही दहा-पंधरा नावं वाचली तरी पुरे. दहा-पंधराच तर आहेत.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि वंचित गटातल्या पालकांना प्रमाणशीर जागा द्यावी लागते. दिव्यांग मुलं त्या गटात आली, म्हणजे या मुलाच्या आईची समितीतली जागा कायद्यानं मागता येते. सभेत तिच्या तोंडून दोन वाक्यं निघाली की बाकीच्या पालकांचा 'आमच्या पोराचा अभ्यास मागं पडतो' हा सूर पुष्कळदा खाली येतो, कारण आता बोलणं समोरासमोरचं असतं.

चौथीनंतरची वाट मी इथं थोडक्यातच सांगतो, कारण ती अजून नीट बांधलेलीच नाही. पाचवीला गाव बदलतं, शिक्षक विषयागणिक बदलतात. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आणि नापासीची तरतूद आली आहे. या मुलाची परीक्षा त्याच्या ठरलेल्या उद्दिष्टांवरच व्हायला हवी. दहावीला जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मिळते, मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे. मुलगी असेल तर वयात येताना शाळा सोडण्याचा धोका अधिक, आणि तिच्या सुरक्षिततेची काळजी खरी असते. त्यावरचं उत्तर तिला घरात ठेवणं नव्हे. स्वतःच्या शरीराबद्दल सोप्या शब्दांत, चित्रांसह, वारंवार सांगणं आणि शाळेच्या वाटेवर मैत्रिणींची सोबत असणं हे उत्तर आहे. अठराव्या वर्षी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच आहे. नवी मुंबईत बेलापूरला आदिती वर्मा या डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणीनं २०१६ मध्ये स्वतःचं छोटं उपाहारगृह सुरू केलं. पारशिवनीत ते पिठाची गिरणी असेल, रोपवाटिका असेल, पेंचला येणाऱ्या पर्यटकांसाठीची एखादी खानावळ असेल. १९८०च्या दशकात अमेरिकेतही या लोकांचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत गेलं आहे. म्हणजे शाळेत शिकवलेलं चाळीस-पन्नास वर्षं वापरायचं आहे.

बकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये साध्या शाळेत शिकलेल्या आणि विशेष शाळेत शिकलेल्या डाउन सिंड्रोमच्या किशोरवयीन मुलांची तुलना केली होती. बोलण्यात साध्या शाळेतली मुलं दोन वर्षांहून अधिक पुढे होती, वाचन-लेखनात तीन वर्षांहून अधिक. एका बाबतीत मात्र विशेष शाळेतल्या मुलांची बाजू वरचढ होती: त्यांना आपल्यासारखे, बरोबरीचे जिवलग मित्र होते. साध्या शाळेत सगळे सांभाळून घेतात, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी सांभाळून घेणं म्हणजे मैत्री नव्हे. हे निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पारशिवनीत तसं मूल आपल्या गावात एकटंच असणार, आणि त्याचे आईबापही एकटेच.

यावर खर्च फार नाही. महिन्यातून एका शनिवारी गटसाधन केंद्राची एक खोली उघडी ठेवायची. कोलितमाऱ्याकडचं मूल, कन्हानच्या वसाहतीतलं मूल, करंभाडचं, साटकचं, सगळी तिथं येतील, खेळतील, जेवतील. आया एका बाजूला बसून चष्मा कुठून केला, प्रमाणपत्राला कुठल्या दिवशी जायचं, कुठला शिक्षक चांगलं समजावतो हे एकमेकींना सांगतील. विशेष शिक्षक त्या दिवशी तिथंच असतील, शक्य झालं तर नागपूरहून वाचाउपचारतज्ज्ञ येतील. मुलाच्या आणि सोबतच्या माणसाच्या प्रवासासाठी समग्र शिक्षेत भत्त्याची तरतूद आहे. ती या शनिवारच्या एसटीच्या तिकिटालाही लागू करावी, एवढा एक ठराव पंचायत समितीनं येत्या वर्षीच्या आराखड्यात घालावा.